आपली मॅरेथॉन तुळजापूरहून सुटते

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन चालू असते. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये पोहे खात ती बघणाऱ्यांपैकी कुणीतरी उसासा टाकून म्हणतंच, "आपल्या मराठवाड्यात असलं काही नाही राव!" बाकीचे माना डोलावतात. चर्चा मग एमआयडीसीत कंपन्या का येत नाहीत, रेल्वे का वेळेवर नाही, पाणी का नाही, अशी नेहमीच्या वळणानं पुढे जाते.

मित्रांनो, पाण्याचं आणि रेल्वेचं काय ते मला माहीत नाही. पण "धावण्याचं आपल्याकडं काही नाही" या वाक्याला माझा साफ आक्षेप आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, पुण्याची १९८३ साली. आपल्याकडं घटस्थापनेच्या आधी दोन-तीन दिवस तुळजापूरच्या रस्त्यावर जे चालू असतं, ते बघायला कुठला चॅनेल येत नाही म्हणून ते नसतं असं कसं म्हणता येईल?

ज्यांचं गाव या पट्ट्यात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवरात्र मंडळाची पोरं टेम्पो करून तुळजापूरला जातात. भवानीच्या देवळात ज्योत पेटवतात आणि ती हातात घेऊन पळत पळत गावी आणतात. एकजण ज्योत घेऊन धावतो, बरोबर दोघं-तिघं, बाकीचे टेम्पोत. दम लागला की ज्योत दुसऱ्याच्या हातात. वाटेतल्या फाट्यांवर लोक पाणी घेऊन उभे असतात, बायका ज्योतीत तेल घालतात, कुणी नारळ फोडतं. "आई राजा उदो उदो" म्हणत पुढच्या गावाकडं. पोरं लातूर, नांदेड, सोलापूरची असतातच, शिवाय कर्नाटक-तेलंगणातलीही असतात. निम्मी अनवाणी. नियम एकच : ज्योत विझता कामा नये आणि खाली टेकता कामा नये.

आता जरा आकडेमोड करू, शेवटी आपण इंजिनिअरिंगवाले! तुळजापूर ते लातूर साधारण ७५ किलोमीटर. लातूर ते नांदेड साधारण १४०. म्हणजे नांदेडच्या मंडळाची ज्योत औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत २१५ किलोमीटर धावते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. म्हणजे पाच मॅरेथॉन एकापुढे एक लावल्या तरी थोडं अंतर शिल्लक राहतं. वीस पोरं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणे अकरा किलोमीटर. ताशी दहाचा वेग धरला, तर रात्र आणि दिवस मिळून एकवीस-बावीस तास. (हे कागदावर. प्रत्यक्षात सहाजण जीव तोडून पळतात आणि चौदाजण टेम्पोत बसून घोषणा देतात, हे ज्यांनी ज्योत आणलीय त्यांना वेगळं सांगायला नको.)

हे झालं पळायचं. चालायचं तर त्याहून मोठं आहे. दसऱ्यानंतर देवी निद्रेला जाते, ती अश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा लोंढा असतो. सोलापूरहून ४५ किलोमीटर, आपल्या लातूरहून ७५. त्यात म्हातारी माणसं असतात, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया असतात, बँकेतले साहेब असतात, आणि गुपचूप नवस बोललेले बॅकलॉगवालेही असतात! आपलं एक पाऊल ७५ सेंटिमीटरचं धरा. ७५ किलोमीटर भागिले ७५ सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक लाख पावलं. मोबाईलमधलं ॲप दहा हजार पावलं झाली की फटाके उडवून अभिनंदन करतं. त्याला या रस्त्यावर दहा वेळा फटाके उडवावे लागतील.

आणि हे फक्त तुळजापूरचंच नाही. नांदेड जिल्ह्यात माहूरला राखी पौर्णिमेला गडाची परिक्रमा असते, ऐन श्रावणात, चिखलातून आणि झाडीतून. आषाढात पैठणहून नाथांची पालखी आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी मराठवाडा तुडवत पंढरपूरला जाते. दसऱ्याला नांदेडात हल्लाबोल निघतो तेव्हा निशाणसाहेबामागं लोक धावतात. ज्या भागात माणसं वर्षभर या ना त्या निमित्तानं पायी निघतात, त्या भागात "असलं काही नाही" हे आपण कुठल्या तोंडानं म्हणतो?

आता जगात काय चालतं तेही बघा. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स मॅरेथॉन नावाची शर्यत आहे. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांमधलं अंतर साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे लातूर-तुळजापूरपेक्षा थोडंसं जास्त. व्हिक क्लॅफम नावाच्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरनं पहिल्या महायुद्धातल्या आपल्या साथीदारांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ जण पोचले. आज तिथं हजारो लोक धावतात, त्यात भारतातूनही पुष्कळ जातात. बारा तासांत पोचायचं. बारा तास भरले की एक अधिकारी धावणाऱ्यांकडं पाठ करून बंदुकीचा बार काढतो; त्याच्या एक सेकंद नंतर आलेल्यालाही मेडल नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. १९८१ साली हाँगकाँगमधल्या गुरखा सैनिकांच्या सरावातून ट्रेलवॉकर नावाचा प्रकार सुरू झाला. चौघांची टीम, डोंगरवाटांवरून शंभर किलोमीटर, ४८ तास. पहिला-दुसरा कोण हे महत्त्वाचं नाही, चौघांनी एकत्र पोचायचं. पुढं तो सर्वसामान्यांना खुला झाला, देशोदेशी गेला, २०१२ साली बंगळुरूजवळही झाला. आता सांगा, आपल्या ज्योतीत आणि यात फरक काय? तिथं टीम, इथं मंडळ. तिथं सपोर्ट व्हेईकल, इथं टेम्पो. तिथं चेकपॉइंट, इथं फाटा. आशिवच्या फाट्यावर चहा आणि उजनीला बासुंदी, ही सोय हाँगकाँगला नक्कीच नसणार!

फरक एकच आहे, आणि तो सांगायलाच हा लेख लिहायला घेतला. ते लोक या गोष्टीला खेळ मानतात, म्हणून सहा-सहा महिने तयारी करतात, नियम करतात आणि पाळतात. आपण तिला नुसतं निमित्त मानतो. टेम्पो ठरतो, डीजे ठरतो, टी-शर्टवर मंडळाचं नाव आणि वरच्या बाजूला कुणा भावी नगरसेवकाचा फोटो ठरतो. धावणार कोण आणि कसं, हे मात्र तुळजापुरात पोचल्यावर ठरतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाची ज्योत येत होती. पहाटे तीन-साडेतीनची वेळ. टेम्पो पुढं निघून गेलेला, चार पोरं मागं. मागून आलेल्या पिकअपनं त्यातल्या एकाला उडवलं. तो वाचला, देवीची कृपा म्हणा नाहीतर नशीब म्हणा. पण मांडीत रॉड आहे आणि एक पाय थोडा आखूड. तो पोरगा दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करत होता, गावात सगळ्यात चांगला तोच पळायचा. ज्योत त्याच्या हातात द्यायची म्हणून मंडळानं त्याला आग्रहानं नेलेलं. आज तो गावातल्या किराणा दुकानात बसतो. गावातले लोक म्हणतात, "होतं असं, रस्ता हाय." मला हे "होतं असं" मान्य नाही. हे होतं असं नाही, आपण होऊ देतो.

तुळजापूरहून लातूर-नांदेडकडं येणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. चौपदरी झाला, चांगली गोष्ट. पण पूर्वी खड्ड्यांमुळे तीसनं चालणारी गाडी आता ऐंशीनं, शंभरनं येते. ऐंशीचा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ड्रायव्हरला समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. भरलेली गाडी थांबायला आणखी पन्नासेक मीटर. एकूण ८० मीटरच्या वर. आणि डीमर लाईटमध्ये काळ्या-निळ्या कपड्यातला माणूस दिसतो जेमतेम चाळीस-पन्नास मीटरवरून. पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये जे पास झालेत त्यांनी वजाबाकी करून बघावी. तोच माणूस अंगावर चमकणाऱ्या पट्टीचं जाकीट घालून असेल, तर दीडशे मीटरहून जास्त अंतरावरून दिसतो. त्या जाकिटाची किंमत एका तासाच्या डीजेपेक्षा कमी असते.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. ज्योत आणताना सगळे पाळीपाळीनं धावतात, पाळीपाळीनं झोपतात. टेम्पोचा ड्रायव्हर मात्र एकच असतो! जाताना त्यानंच चालवलेलं असतं, तुळजापुरात गर्दीत त्याला झोप मिळालेली नसते, आणि येताना वीस-बावीस तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पोरांच्या मागं रांगायचं असतं. त्याला डुलकी लागली तर पुढं कोण असतं? आपलीच पोरं. म्हणून माझं म्हणणं आहे, ज्योतीची खरी रिले आधी स्टिअरिंगवर हवी. दोन ड्रायव्हर नसतील तर ज्योत निघता कामा नये.

कोजागिरीला प्रशासन तुळजापूरच्या रस्त्यांवरची वाहतूक वळवतं, वाटेत दवाखान्याची सोय करतं, तेव्हा चालणाऱ्यांना रस्ता मोकळा मिळतो. घटस्थापनेच्या आधी मात्र ज्योतवाली पोरं ट्रक, ट्रॅव्हल्स आणि ऊसगाड्यांच्या रस्त्यानंच धावत असतात. प्रशासनानं या पोरांचाही विचार करावा ही मागणी रास्तच आहे. पण प्रशासन करील तेव्हा करील. तोवर टेम्पो पुढं न ठेवता धावणाऱ्यांच्या मागं ठेवणं, त्याचे इंडिकेटर चालू ठेवणं, जिथं सर्व्हिस रोड किंवा जुना रस्ता असेल तिथं तोच घेणं आणि कानठळ्या बसवणारा डीजे बंद ठेवणं, एवढं तर आपल्याच हातात आहे ना? डीजेचा आवाज असला की मागून आलेल्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, हे सांगायला ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही.

आता शरीराचं. "आपण गावाकडची पोरं, आपल्याला सराव लागत नाही" हा एक मोठा गोड गैरसमज आहे. गावाकडची होतो, मान्य. पण दहावीनंतर दोन वर्षं लातूरला क्लासमध्ये बसून काढली, नंतर होस्टेलमध्ये पडून. आता मेसपासून लेक्चर हॉलपर्यंत जायला पण मित्राची बाईक लागते. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण साठ कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर दीड-दोन हजार कॅलरींची. म्हणजे तीसेक किलोमीटरला टाकी रिकामी. मॅरेथॉनवाले त्याला "भिंत लागली" म्हणतात. म्हणून वाटेत खायला हवं, थोडं थोडं आणि सारखं. केळी, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे यासारखं सोपं खाणं नाही. पाणी हवंच, पण नुसतं पाणी ढोसणंही वाईट. घामातून मीठ जातं, आणि नुसत्या पाण्यानं रक्तातलं मीठ आणखी पातळ होऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी आपल्या आजीला माहीत होतं, ते आता पाकिटात मिळतं.

फोड कशानं येतात? घर्षण अधिक ओल. म्हणून ओले मोजे बदलायचे, बोटांना व्हॅसलिन चोळायचं, नवीन बूट घालून निघायचं नाही. अनवाणी जायचा नवस असेल तर तो तुमचा आणि देवीचा प्रश्न, मी मध्ये पडत नाही. पण मग दोन महिने आधीपासून अनवाणी चालायची सवय तरी करा. ऑक्टोबरच्या दुपारी डांबर काय तापतं ते पायाला आधी कळू द्या.

तयारी नसताना जिद्दीवर पळणं किती महागात पडतं, ते आपल्याच राज्यात घडलंय. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी उन्हात पाच किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवार कोसळले आणि दगावले. त्यानंतर सरकारला अंतर कमी करावं लागलं. पाच किलोमीटर म्हणजे फार नाही. पण ऊन, उपाशी पोट, रात्रभराचा प्रवास आणि "आता नाही तर कधीच नाही" ही भावना, हे सगळं एकत्र आलं. आणि हे फक्त गरिबांच्या बाबतीत होतं असंही नाही. चीनमध्ये गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ स्पर्धक, त्यात त्या देशातले नामवंत धावपटू. मध्येच गारपीट आणि बोचरा वारा सुटला. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट सोबत ठेवायची सक्ती आयोजकांनी केली नव्हती. २१ जण थंडीनं गेले. सहाजणांना एका मेंढपाळानं गुहेत नेऊन शेकोटीजवळ वाचवलं. सरावलेल्या माणसांचं असं होतं, तर टेम्पोतून उतरून थेट पळणाऱ्यांचं काय?

हे वाचून कुणी म्हणेल, मग सोडाच ना हा उद्योग, कशाला जीव धोक्यात घालायचा? नाही. मुळीच सोडायचा नाही. उलट जास्त करायचा, नीट करायचा. कारण यातून काय घडू शकतं त्याचं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथला अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि पळत जायचा, कारण दुसरी सोयच नव्हती. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. २०१५ पासून लष्कराच्या क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावू लागला. तिथून स्टीपलचेसला आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं आणि केनियाची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत. त्याचा पाय आणि तुमचा-माझा पाय एकाच मातीतला आहे. फरक पडला तो त्या पळण्याकडं कुणीतरी गांभीर्यानं बघितलं आणि त्याला शिस्त लावली तेव्हा.

आमच्या विंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा तीन आक्षेप आले. ते प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला : "हे देवाचं काम आहे, त्याला खेळ म्हणू नको." म्हणणारा माझा औश्याचा मित्र, मनापासून म्हणाला. माझं उत्तर असं, की ज्योत विझू नये म्हणून आपण वाऱ्याच्या बाजूला हात धरतो, तेल कमी पडू देत नाही. मग ज्या पोराच्या हातात ती ज्योत आहे त्याच्यासाठी थोडा आडोसा, थोडं तेल नको का? त्याची काळजी घेतल्यानं भक्ती कमी होत असेल असं मला वाटत नाही.

दुसरा : "सगळेच काही नवरात्र पाळत नाहीत." अगदी खरं. आमच्याच मजल्यावर सगळ्या जातीधर्माची पोरं आहेत, काहींचा देवावरच विश्वास नाही. म्हणून कॉलेजचा जो उपक्रम असेल तो वेगळा असावा, कुठल्याही देवाच्या नावानं नसावा. पण शिकायचं मात्र ज्योतीकडून : पाळीपाळीनं धावणं, दमलेल्याला टेम्पोत घेणं, गावागावात थांबून पाणी पिणं आणि दोन शब्द बोलणं.

तिसरा आक्षेप मुलींच्या होस्टेलमधून आला, आणि तो आक्षेप कमी आणि टोमणा जास्त होता. "तुम्ही पळा खुशाल. आम्हाला सातनंतर गेटबाहेर पळू देतात का ते आधी विचारा!" यावर आमच्यापैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं. कोजागिरीला तुळजापूरच्या रस्त्यावर रात्रभर बाया चालतात. साठीची आजी नऊवारीत ७५ किलोमीटर जाते, तिला कुणी परवानगी विचारत नाही. आणि वीस वर्षांची इंजिनिअरिंगची मुलगी मैदानात दोन चकरा मारायला गेली की रजिस्टरमध्ये सही, घरी फोन. कॉम्रेड्समध्ये बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली, शर्यत सुरू झाल्यावर चोपन्न वर्षांनी. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. तोपर्यंत सगळीकडं एकच कारण दिलं जायचं : त्यांना झेपणार नाही, त्यांच्याच काळजीपोटी. रेक्टर मॅडमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. लातूर-नांदेडचे रस्ते रात्री कसे असतात ते मलाही माहीत आहे. पण काळजीचा अर्थ गेट बंद करणं हा एकच असू शकत नाही. पहाटे साडेपाचला मैदान उघडा, लाईट लावा, एक महिला शिक्षिका किंवा सुरक्षारक्षक ठेवा. एवढ्यानं सुरुवात होते.

टीका करणं सोपं असतं, म्हणून एक प्रस्ताव मांडतो. प्राचार्य सरांनी, जिमखान्याच्या सरांनी आणि दोन्ही होस्टेलच्या रेक्टरांनी तो वाचावा ही विनंती.

डिसेंबर-जानेवारीत, सबमिशन संपल्यावरच्या एखाद्या रविवारी कॉलेजनं चाळीस किलोमीटरची पदयात्रा ठेवावी. म्हणायला पदयात्रा, पळणाऱ्यानं पळावं. रस्ता महामार्गाचा नको, गावागावातून जाणाऱ्या शिवरस्त्यांचा आणि जिल्हा मार्गांचा हवा. चौघांची टीम. चौघांनी एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं. दहा तासांची मर्यादा. सूर्य उगवल्यावर सुरू, मावळायच्या आत बंद. पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर नाही, ट्रॉफी नाही, पाहुण्यांचं भाषणही नाही (हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं). दर आठ-दहा किलोमीटरवर शाळेच्या पटांगणात पाणी, केळी आणि मलमपट्टी. एका टीममध्ये शक्यतो शिक्षक किंवा कर्मचारी एक असावा. वर्कशॉपमधले मामा आणि ऑफिसमधले साहेब एका टीममध्ये चालले, तर कॉलेजातल्या निम्म्या तक्रारी वाटेतच मिटतील! मुलींच्या टीम त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच नियमानं.

खर्च किती? पाणी, केळी, औषधं, दोन गाड्या. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या साऊंड सिस्टीमपेक्षा नक्कीच कमी.

फायदा काय, असं प्लेसमेंटच्या काळजीतले मित्र विचारतील. रेझ्युमेवर एक ओळ येईल हे आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. आपण जो प्रदेश चारचाकीच्या काचेतून बघतो, तो पायी गेल्यावर वेगळा दिसतो. तूर कुठं वाळली, कुठल्या गावात हापशाला पाणी नाही, कुठल्या ओढ्यावरचा पूल दोन वर्षांपासून अर्धवट आहे, कुठल्या शाळेचं छत गळतं. उद्या यातलंच काहीतरी आपल्याला डिझाईन करायचं आहे ना? ताशी पाचच्या वेगानं जाणाऱ्याला जे दिसतं ते ताशी ऐंशीनं जाणाऱ्याला दिसत नाही. फाट्यावर एखादी आजी विचारते, "कुठं निघालाव रं लेकरांनो? च्या घ्या की." तिच्या ओट्यावर दहा मिनिटं बसलं की सर्व्हेच्या चार फॉर्मपेक्षा जास्त कळतं.

ज्योत आणणाऱ्या मंडळांतले तर आपल्यातलेच कितीतरी आहेत. त्यांना वेगळं सांगतो : यंदा जाण्याआधी चार गोष्टी लिहून काढा. दुसरा ड्रायव्हर कोण. चमकणारी जाकिटं किती. रात्री टेम्पो मागं राहील याची जबाबदारी कुणाची. आणि कुठल्या पोराला किती किलोमीटर, सरावाप्रमाणं. हा कागद टेम्पोच्या काचेवर चिकटवा, भावी नगरसेवकाच्या फोटोच्या शेजारी जागा असेल तर.

सराव आजपासून करता येतो, त्याला परिपत्रक लागत नाही. पहिल्या आठवड्यात रोज तीन किलोमीटर चाला, दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, रविवारी एकदा लांब जा. पहाटे साडेपाचला मैदानावर भेटू. उठवायला मी येईन, पण दार एकदाच वाजवणार.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी